दूधपोळीत अफू नाही

“मावशी, मीच त्याला रोज अफू चारत होते का गं?”

भाचीचा हा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. तिचा मुलगा सहा वर्षांचा. स्वमग्न आहे. बोलतो मोजकं आणि जेवतो त्याहून मोजकं: दूधपोळी, केळं, मऊ वरणभात, कधीतरी शिरा. त्या दिवशी एका आहारसल्लागाराने तिला तासभर समोर बसवून सांगितलं होतं की गाईच्या दुधातून आणि गव्हातून पोटात अफू तयार होते, ती रक्तातून मेंदूत चढते, म्हणून मूल नजर देत नाही, हाकेला वळत नाही, आपल्याच तंद्रीत असतं. दूध बंद, पोळी बंद, बिस्किट बंद. दूध द्यायचंच झालं तर देशी गाईचं ए२ दूध. जोडीला एन्झाइमच्या कॅप्सूल. भाचीने घरी येऊन फ्रिजमधलं दूध मोरीत ओतलं आणि मुलगा झोपल्यावर मला फोन केला.

मी औषधशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली. ओपिऑइड पेप्टाइड हा माझा वर्गातला सर्वांत आवडता विषय. वेदनेवरचं औषध आपलं शरीर स्वतःच बनवतं, हे ऐकताना मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. त्याच विषयाचे तुकडे उचलून कुणी एका दमलेल्या आईला अपराधी ठरवत असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

पूर्वपक्ष आधी मांडते. दुधातल्या केसीन या प्रथिनाचं पचन होताना बीटा-केसोमॉर्फिन-७ नावाचा तुकडा सुटतो. गव्हातल्या ग्लुटेनमधूनही तसेच तुकडे सुटतात. मॉर्फिन ज्या रिसेप्टरवर बसतं त्यावरच हे तुकडेही बसतात. तेव्हा ते अफूच. हा तुकडा परदेशी जातींच्या गाईंच्या ए१ दुधातून सुटतो, देशी गाईच्या ए२ दुधातून सुटत नाही. म्हणून स्वमग्नता, मधुमेह, हृदयविकार, मुलांचा हट्टीपणा आणि मोठ्या माणसांचं पोळीवाचून न चालणं, या सगळ्याचं मूळ इथे आहे.

यातल्या पहिल्या तीन वाक्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा पूर्वपक्ष घातक आहे. निखळ थाप असती तर ती एव्हाना विरून गेली असती. खरी गल्लत ‘तेव्हा ते अफूच’ या चौथ्या वाक्यात आहे, आणि पुढचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे.

‘ओपिऑइड’ हे नाव मुळात देतात कशाला? १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत मॉर्फिन जिथे नेमकं जाऊन बसतं अशा जागा दाखवल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनचे लार्स टेरेनियस हेही स्वतंत्रपणे तिथेच पोचले. मग प्रश्न पडला की खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला असेल? त्याची किल्ली शरीरातच कुठेतरी असली पाहिजे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी ती डुकरांच्या मेंदूतून वेगळी काढली. अमिनो आम्लांचे पाच मणी ओवलेली एवढीशी माळ. तिला त्यांनी एन्केफेलिन म्हटलं, ग्रीकमध्ये ‘डोक्यातलं’. पुढच्याच वर्षी चो हाओ ली यांनी उंटांच्या पीयूषिका ग्रंथींतून ३१ मण्यांचं बीटा-एंडॉर्फिन काढलं. १९७९ मध्ये अव्हराम गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेने डायनॉर्फिन दाखवलं. आणि त्याच १९७९ मध्ये एकीकडे जर्मन संशोधकांना केसीनमधून केसोमॉर्फिन मिळालं, दुसरीकडे अमेरिकेत क्रिस्टीन झिऊद्रू आणि सहकाऱ्यांनी ग्लुटेनच्या आणि केसीनच्या पचनातून असेच तुकडे काढून त्यांना ‘एक्सॉर्फिन’ म्हटलं, म्हणजे शरीराबाहेरून आलेले.

एखादा पदार्थ ओपिऑइड आहे का, हे ठरवण्याची तेव्हाची कसोटी अगदी साधी होती. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा द्रावणात टांगायचा. विजेच्या हलक्या झटक्यांनी तो आक्रसत राहतो. द्रावणात पदार्थ टाकल्यावर आक्रसणं मंदावलं, आणि नॅलोक्सोन हे उतारा-औषध टाकल्यावर पूर्ववत झालं, तर पदार्थ ओपिऑइड. या कसोटीत नशा मोजलेली नाही. व्यसन मोजलेलं नाही. मुलाची नजर तर मुळीच मोजलेली नाही. टांगलेल्या आतड्यावर बीटा-केसोमॉर्फिन-७ चा जोर मॉर्फिनच्या तुलनेत फार दुबळा पडतो, हेही त्याच काळापासून माहीत आहे. एका आईला ‘अफू’ हा शब्द ऐकवताना हे कुणी का सांगत नाही?

आणि हीच कसोटी लावायची तर ती दूध आणि गव्हापाशीच का थांबवायची? पालकाच्या पानातल्या रुबिस्को या प्रथिनातून जपानी संशोधकांनी रुबिस्कोलिन नावाचे ओपिऑइड तुकडे काढले आहेत. रुबिस्को प्रत्येक हिरव्या पानात असतं: मेथीत, अंबाडीत, शेवग्याच्या पाल्यात. सोयाबीनमधून सोयमॉर्फिन निघतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधून हिमॉर्फिन निघतं. आणि आईच्या दुधातूनही निघतं. मानवी दुधातल्या बीटा-केसीनमध्येही केसोमॉर्फिनची माळ आहे, गाईच्या माळेपेक्षा दोनच मण्यांनी वेगळी, आणि तीही त्याच रिसेप्टरवर बसते. मग अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक आईलाही अफू पाजणारी म्हणायचं का? म्हणायचं नसेल, तर कोणत्या न्यायाने माझ्या भाचीला म्हणता?

आणखी एक गोष्ट या लोकांच्या तोंडून मी कधी ऐकलेली नाही. दुधातल्याच कॅप्पा-केसीनमधून कॅसॉक्सिन आणि लॅक्टोफेरिनमधून लॅक्टोफेरॉक्सिन नावाचे तुकडे निघतात, आणि ते ओपिऑइडच्या उलट काम करतात. रिसेप्टर अडवून धरतात. म्हणजे टांगलेल्या आतड्याची साक्ष ग्राह्य धरायची तर त्याच पेल्यात अफू आहे आणि त्याच पेल्यात तिचा उताराही आहे. अर्धी साक्ष नोंदवायची आणि अर्धी दडवायची, याला विज्ञान म्हणत नाहीत.

आता तुकडा पोटातून मेंदूत पोचण्याची गोष्ट. मॉर्फिन हा अल्कलॉइड आहे. जठरातल्या एन्झाइमांच्या कात्र्यांना तो दाद देत नाही, म्हणून त्याची गोळी गिळली तरी काम होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाची तुटकी माळ, आणि माळा तोडणं हेच आतड्याचं रोजचं काम. केसोमॉर्फिनमध्ये प्रोलिन नावाचा मणी वरचेवर येत असल्याने साध्या कात्र्या तिथे अडखळतात, हे खरं आहे. पण आतड्याच्या अस्तरावर डीपीपी-४ नावाचं एक एन्झाइम असतं. प्रोलिनपाशी कापण्यातच त्याची खासियत आहे. त्यातूनही काही निसटलं तर रक्तात तेच एन्झाइम पुन्हा आडवं येतं, आणि मेंदूच्या दारावर रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत उभी असते. तान्ह्या बाळाचं आतडं मोठ्यांपेक्षा जास्त झिरपतं, हे मला मान्य आहे. पण तान्ह्यांना निसर्गाने नेमून दिलेलं अन्नही दूधच आहे.

यावर सल्लागारांचं उत्तर ठरलेलं असतं: स्वमग्न मुलांत डीपीपी-४ कमी असतं, म्हणून तुकडा वाचतो. कॅप्सूल विकल्या जातात त्या याच नावाखाली. ठीक आहे, हे तपासू. डीपीपी-४ मुद्दाम बंद पाडणारी औषधं जगभर रोज घेतली जातात. ती मधुमेहाच्या गोळ्यांत असतात: सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन. यातलं पहिलं २००६ मध्ये बाजारात आलं. सिटाग्लिप्टिनच्या नेहमीच्या मात्रेने रक्तातल्या या एन्झाइमचं काम बहुतांश थांबतं. आपल्या आळीत, सोसायटीत, नात्यात ही गोळी घेणारे काका-काकू सापडणार नाहीत असं घर विरळा. सकाळी ते दुधाचा चहा पितात, दुपारी पोळी खातात, रात्री दही-भात खातात. त्यांच्या बाहुल्या आकसतात का? त्यांना गुंगी येते का? ते नातवंडांना ओळखेनासे होतात का? कात्री नसल्यामुळे माणूस अफूच्या तंद्रीत जात असता, तर या गोळ्या पहिल्याच चाचण्यांत बाद झाल्या असत्या.

पोटातल्या ओपिऑइडचा परिणाम पोटावर होऊ शकतो, एवढं मी मोकळेपणाने मान्य करते, कारण ते वैद्यकात रोज वापरलं जातं. जुलाब झालेल्या मुलाला बालरोगतज्ज्ञ रेसकॅडोट्रिलची पुडी देतात. आतड्यातलं एन्केफेलिन मोडणारं एन्झाइम ती रोखते. एन्केफेलिन जास्त वेळ टिकतं आणि पाण्याचा पाझर कमी होतो. पूर्वपक्ष खरा असता तर ही पुडी घेतलेलं प्रत्येक मूल काही दिवस स्वमग्न दिसलं असतं. तसं दिसत नाही. लोपेरामाइड हे तर थेट ओपिऑइड औषध, पण ठरलेल्या मात्रेत ते मेंदूच्या भिंतीपलीकडे टिकत नाही, म्हणून जुलाबावर चालतं आणि गुंगी आणत नाही. आतडं आणि मेंदू या दोन वेगळ्या खोल्या आहेत.

खाल्ल्याने किंवा चोखल्याने नव्हे, पण अंगात भिनून खरोखर काम करणारा ओपिऑइड पेप्टाइड निसर्गात सापडतो, तो बेडकाच्या कातडीत. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडावरच्या बेडकाच्या त्वचेतून इटलीच्या व्हिटोरिओ एर्स्पामेर यांच्या गटाने १९८१ मध्ये डर्मॉर्फिन काढलं. मॉर्फिनहून कितीतरी पट जोरकस. त्याच्या माळेतला दुसरा मणी उलट्या हाताचा आहे, डी-ॲलानिन, म्हणून एन्झाइमांच्या कात्रीत तो सापडत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांना हेच टोचल्याची प्रकरणं उघड झाली. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मात्सेस लोक त्याच कुळातल्या बेडकाचा स्राव कातडीवर डाग देऊन त्या जखमेवर लावतात. पेप्टाइडला अंगात शिरून परिणाम करायचा तर असा उलटा मणी लागतो, सुई लागते, उघडी जखम लागते. दुधाच्या पेल्यात यातलं काहीही नाही.

आता स्वमग्नतेकडे येते, कारण माझं भांडण खरं तिथे आहे.

याक पँक्सेप हे मेंदू आणि भावनांचा अभ्यास करणारे मोठे संशोधक. १९७८ मध्ये त्यांनी दाखवलं की आईपासून तोडलेल्या पिल्लांचं विव्हळणं मॉर्फिनच्या अगदी अल्प मात्रेने शांत होतं. मात्रा इतकी कमी की पिल्लं झोपत नाहीत, फक्त रडायची थांबतात. यावरून १९७९ मध्ये त्यांनी एक तर्क मांडला: मुलाच्या मेंदूत त्याचीच ओपिऑइड जास्त झाली, तर त्याला माणसांच्या सोबतीची ओढ कमी वाटेल का? तो एक प्रश्न होता, आणि चांगला प्रश्न होता. नॉर्वेचे कार्ल राइशेल्ट आणि इंग्लंडचे पॉल शॅटॉक यांनी तो अन्नाकडे वळवला: हे ओपिऑइड दुधा-गव्हातून येतं आणि मुलांच्या लघवीत सापडतं. लघवीच्या तपासण्या सुरू झाल्या आणि त्यांच्या जोरावर आहारही सांगितले जाऊ लागले.

मग चांगली यंत्रं आली. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये हिलरी कॅस आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलग्यांच्या आणि इतर मुलग्यांच्या लघवीचे नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर ताडून पाहिले. ओपिऑइड पेप्टाइड सापडलेच नाहीत. ना यांच्यात, ना त्यांच्यात. जुन्या यंत्रांवर जे उंचवटे दिसले होते ते या पेप्टाइडांचे नव्हते. ज्या पायावर आहाराची इमारत उभी केली, तो पाया खणल्यावर जागेवर नव्हताच. तरीही २००८ नंतर जन्मलेल्या मुलाच्या आईला हीच गोष्ट ताजं विज्ञान म्हणून सांगितली जाते.

आणि समजा यंत्रांचंही सोडून दिलं. तर्क तपासायचा सरळ मार्ग आहे. ओपिऑइड जास्त झाल्याने मूल दुरावत असेल, तर ओपिऑइड अडवणारं औषध दिल्यावर ते जवळ यायला हवं. हे करून झालं आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत स्वमग्न मुलांना नॅलट्रेक्सोन देऊन चाचण्या झाल्या. काहींची चळवळ थोडी कमी झाली. नजर, भाषा, ओढ यांत बदल झाला नाही. कुलूप थेट बंद करूनही जे बदलत नाही, ते पोळी बंद करून बदलेल अशी आशा एका आईला कशाच्या बळावर दाखवता?

पथ्याच्याही चाचण्या झाल्या. फ्लोरिडात २००६ मध्ये १५ मुलांवर १२ आठवडे, कुणाच्या ताटात काय आहे हे पालकांनाही कळू न देता. मोजमापात फरक नाही. काही पालकांना मात्र सुधारणा दिसली होती. मी त्या पालकांना खोटं ठरवत नाही. आपलं मूल रोज निरखणाऱ्या आईला चांगला दिवस दिसतो, आणि ती तो पथ्याच्या खात्यावर मांडते. म्हणूनच तर डोळे बांधून चाचणी करावी लागते. पुढे रॉचेस्टरमध्ये १४ लहान मुलांना पथ्यावर ठेवून मधूनमधून खाऊत दूध-गहू लपवून दिला गेला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: वागण्यात, झोपेत, शौचात फरक नाही. या चाचण्या लहान आहेत हे मला माहीत आहे. पण मेंदूत अफू चढण्याइतका ठळक परिणाम तेवढ्या मुलांतही लपत नाही. दिसलाच असता.

तोटा मात्र दिसला आहे. २००८ मध्ये अमेरिकेत ४ ते ८ वयाच्या ७५ स्वमग्न मुलग्यांची हाडं तपासली. त्यांच्या हाडांची जाडी अपेक्षेपेक्षा कमी होती, आणि दूध वर्ज्य असलेल्यांत ती आणखी कमी होती. जे मूल मुळात चारच पदार्थ खातं, त्याचे दोन पदार्थ काढून घेणं म्हणजे काय, याचा हिशेब त्या सल्लागाराच्या कागदावर कुठे होता? भाचीला माझं त्या रात्री पटलं नव्हतं. अपराधाची भावना एकदा मनात शिरली की पुराव्यांनी निघत नाही. पाच आठवडे तिने दूध-पोळी बंद ठेवली. ज्वारीची भाकरी तो तोंडातून काढून ठेवायचा, तांदळाचं दूध ढकलायचा. केळी आणि वरणभातावर राहिला. वजनकाट्यावर दीड किलो उतरला. नजर होती तिथेच होती.

शरीरातली ही पेप्टाइडं वागण्यावर काहीच परिणाम करत नाहीत असं मी म्हणते आहे का? नाही. उलट ती इतकं करतात, की त्यांना अन्नातल्या विषाच्या गोष्टीत कोंबलेलं पाहून जीव तुटतो. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं. अनेकांची वेदना कमी झाली. मग नॅलोक्सोन दिलं आणि वेदना परतली. म्हणजे डॉक्टरच्या शब्दावरच्या विश्वासाने रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूत ओपिऑइड सुटलं होतं. नवजात बाळाला सुई टोचण्याआधी जिभेवर साखरपाण्याचे थेंब दिले की ते कमी रडतं. उंदरांच्या पिल्लांत हा परिणाम ओपिऑइड अडवलं की जातो. साखरेत प्रथिनाचा कणही नाही. मग हे ओपिऑइड आलं कुठून? पिल्लाच्या आतूनच. २००४ मध्ये इटलीत म्यू-ओपिऑइड रिसेप्टर नसलेले उंदीर तपासले. त्यांची पिल्लं आईपासून दूर केल्यावर आईसाठी फारशी साद घालत नव्हती. आईला हाक मारायला मुळात हीच यंत्रणा लागते. आणि सगळीच ओपिऑइड पेप्टाइडं सुखाची नसतात. डायनॉर्फिन कॅप्पा रिसेप्टरवर बसून अस्वस्थता आणि उदासी आणतं. ‘ओपिऑइड म्हणजे नशा’ हे समीकरण शरीराच्या आतही टिकत नाही.

पोळीच्या व्यसनाचा दावाही इथेच निकालात निघतो. विल्यम डेव्हिस यांच्या २०११ च्या ‘व्हीट बेली’ या पुस्तकापासून तो फिरतो आहे: ओपिऑइड अडवलं की गहू खाण्याची ओढ कमी होते, म्हणून गव्हात अफू आहे. पण तेच औषध दिल्यावर गोड आणि तुपकट पदार्थांचीही ओढ कमी होते. चवीचा आनंद आपल्या स्वतःच्या एंडॉर्फिनवर चालतो, मग पदार्थ कोणताही असो. आपल्याकडे याच दाव्यावर खपली गहू महाग दराने विकतात. खपली चवीला उत्तम, तिची खीर मलाही आवडते. पण खपलीतही ग्लुटेन आहे.

ए१-ए२ बद्दल आता सरळ बोलते. बीटा-केसीनची माळ २०९ मण्यांची. ६७ व्या जागी ए१ मध्ये हिस्टिडिन, ए२ मध्ये प्रोलिन. हा फरक खरा आहे आणि त्यामुळे ए१ मधून केसोमॉर्फिन-७ सहज सुटतं, हेही खरं आहे. त्यापुढचा सगळा प्रचार २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये या दुधाची कंपनी निघाल्यावर उभा राहिला, आणि पोटफुगीत फरक दाखवणाऱ्या ज्या चाचण्या पुढे केल्या जातात त्यांतल्या ठळक चाचण्यांना पैसा त्या धंद्याचाच आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळा पुरावा चाळला आणि हा तुकडा आणि कोणताही असंसर्गजन्य आजार यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही असं सांगितलं.

आणि आपल्याकडे? कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अभ्यासात देशी गाईंत ए२ जनुक जवळपास सर्वत्र आढळलं, आणि म्हशींत तर सगळ्याच ए२. देशातल्या दुधाचा निम्म्याच्या जवळपास वाटा म्हशीचा आहे. कोपऱ्यावरच्या डेअरीतलं म्हशीचं दूध वर्षानुवर्षं ए२ च होतं. मग दुप्पट-तिप्पट दर कशाचा? ए२ तूप तर याहून वाईट. तूप म्हणजे स्निग्धांश, आणि हा सारा वाद प्रथिनाचा. जे त्यात जवळजवळ नाहीच त्याच्या नावाने ते विकलं जातं. २१ ऑगस्ट २०२४ रोजी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ए१-ए२ चे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितलं होतं. पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला गेला. पुरावा त्या पाच दिवसांत बदलला नव्हता.

खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी या आपल्या जाती जगल्या पाहिजेत. उन्हाला टिकतात, कमी वैरणीवर भागवतात, शेतीला बैल देतात. ही कारणं खरी आहेत आणि पुरेशी आहेत. त्यासाठी संकरित गाईच्या दुधाला विष म्हणायची गरज नाही. १९६७ मध्ये उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी बायफ ही संस्था सुरू केली, तिथून संकरित गाई गावोगाव गेल्या. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याच्या घरात दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येऊ लागला. पहाटे चारला उठून धारा काढणारी ती बाई रोज अफू विकते, असं तिच्या तोंडावर म्हणायची यांच्यातल्या कुणाची तयारी आहे?

बाळांना खरोखर अफू देण्याचा इतिहास आपल्याला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया पाळण्यातल्या लेकराला बाळगोळी देऊन निजवत. त्या गोळीत अफू असे. ब्रिटिश काळातल्या कामगार चौकशीत याची नोंद आहे. ती मुलं सुस्त पडत, दूध ओढत नसत, कोठा जड होई, अंग धरत नसे. अफूने मूल कसं दिसतं हे या शहराने पाहिलेलं आहे. ते दूध पिऊन वाढलेल्या मुलासारखं दिसत नाही, आणि ते स्वमग्न मुलासारखंही दिसत नाही. माझा हा नातू सुस्त नाही. तो पंख्याकडे बघत अर्धा तास टाळ्या वाजवतो, मिक्सर लागला की कान झाकतो, झोपायला रात्रीचे बारा करतो. हे गुंगीतलं मूल आहे असं कोणता डोळस माणूस म्हणेल?

एका जुन्या क्रौर्याची मला इथे आठवण होते. १९६७ मध्ये ब्रुनो बेटलहाइम यांनी ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ लिहून स्वमग्नतेचं खापर आईच्या थंड मायेवर फोडलं. एका पिढीतल्या आयांनी ते ओझं वाहिलं. तो आरोप मोडून काढायला वर्षं लागली. आज तोच आरोप दुधाच्या वाटीतून परत आला आहे. तेव्हा म्हणत होते, तू त्याला माया दिली नाहीस. आता म्हणतात, तू त्याला दूध दिलंस. आरोपी तीच आहे. स्वमग्नता मुलाच्या मेंदूच्या घडणीत आहे आणि तिची मुळं बव्हंशी जन्माआधीची, अनुवंशातली आहेत. कोणत्याही आईने कोणत्याही वाटीतून ती पाजलेली नाही. दुधाची खरी ॲलर्जी असेल, सीलिॲक आजार रक्ततपासणीत निघाला असेल, तर पथ्य जरूर करा, डॉक्टरच्या देखरेखीखाली करा. पण अफूच्या नावाने एकाही मुलाच्या पुढचं ताट ओढू नका.

सहाव्या आठवड्यात भाचीने पुन्हा दूध आणलं, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, अर्धा लिटर. पोळी कुस्करून नेहमीच्या स्टीलच्या वाटीत कालवली आणि काही न बोलता त्याच्यापुढे ठेवली. त्याने आधी वाटीचा काठ बोटाने दोनदा वाजवून पाहिला. मग वाटी जवळ ओढली. तिने मला फोटो पाठवला तेव्हा तळाला दोन चमचे दूध उरलं होतं आणि तो दुसऱ्या पोळीसाठी डब्याच्या झाकणाशी झटत होता.